तिसरी थप्पड

"मावशी, उठा. या रांगा निमंत्रितांसाठी आहेत."

आई उठली नाही. तिला ऐकूच गेलं नव्हतं. बोलणारी बाई तिच्या डाव्या हाताला उभी होती आणि आईचा डावा कान पूर्ण गेलेला आहे.

"मावशी, अहो, तुम्हालाच म्हणतेय."

आई समोर पडद्याकडे बघत बसलेली. पडदा अजून रिकामाच होता. मग त्या बाईने आईच्या खांद्याला टोचलं. दोन बोटांनी. बेल दाबावी तसं. आणि मागच्या मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "शी इज जस्ट नॉट गेटिंग इट."

पुण्यात मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. मावशी म्हणजे भांडी घासणारी, फरशी पुसणारी, हॉस्पिटलात बेडपॅन उचलणारी. हा शब्द गोड आवाजात म्हणतात. तो कुणाला म्हणायचा आणि कुणाला काकू म्हणायचं, हे इथे लहान मुलालाही कळतं.

मी म्हणाले, "आमच्याकडे पास आहेत."

"कुणी दिले?"

मी पास देणाऱ्या वकीलबाईंचं नाव सांगितलं. तिने पास हातात घेतला. सुलटा बघितला, उलटा बघितला.

"हा जनरलचा आहे. सॉरी हं, मला वाटलं थिएटरच्या स्टाफपैकी आहात. मागे बसा ना. मागूनही छान दिसतं."

त्या बाईच्या अंगात काळा टी-शर्ट होता. छातीवर लाल रंगात एका मुलीचा चेहरा. तोंड अर्धवट उघडं, डोळे फाटलेले, एक हात गालावर. आम्ही जो सिनेमा बघायला आलो होतो त्यातला सगळ्यात गाजलेला चेहरा. बाहेर टेबलावर त्याच चेहऱ्याच्या कापडी पिशव्या होत्या. चहाचे कप होते. वह्या होत्या.

तो चेहरा माझ्या आईचा होता.

मला तेव्हा ते माहीत नव्हतं. त्या बाईलाही नव्हतं. एकट्या आईला माहीत होतं. ती उठली, पर्स छातीशी धरली आणि मागे चालायला लागली. मी तिच्या मागून. मी वाद घातला नाही, हे आधीच सांगून टाकते. पंधरा वर्षं मी न्यायालयात लघुलेखक आहे. दिवसभर लोक भांडतात, ते मी लिहून घेते. स्वतः भांडायचं मला कधी जमलं नव्हतं.

आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. पुढच्या त्या दोन खुर्च्या सिनेमा संपेपर्यंत रिकाम्याच राहिल्या. मी अधूनमधून बघत होते.

पास मला एका वकीलबाईंनी दिले होते. त्या कोर्टात वकिली करतात आणि जुने सिनेमे दाखवणाऱ्या एका मंडळाच्या सभासद आहेत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आल्या. "या शनिवारी नक्की या. क्लासिक आहे. फार मोठा राजकीय सिनेमा. तुम्हाला आवडेल, तुमच्याच लोकांवर आहे."

मी थँक्यू म्हणाले. तुमचेच लोक म्हणजे कोण, हे विचारलं नाही. त्यांना माझं आडनाव माहीत होतं, तेवढ्यावर त्यांचं भागलं होतं.

घरी पाससोबत मिळालेलं सिनेमाचं पत्रक टेबलावर ठेवलं. आई भाजी निवडत होती. तिने पत्रक उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "जाऊ या."

आई कधी कुठे जाऊ या म्हणत नाही. मी विचारलं, "तुला माहितीये हा सिनेमा?"

"आमच्या गावात झालं होतं शूटिंग. मी पंधरा वर्साची आसंन."

इतकंच. मला मजा वाटली. मी म्हटलं, चला, आईचं गाव बघायला मिळेल. गावाचं आता काही उरलेलं नाही, आजोबा गेले, वस्ती उठून रस्त्याकडे गेली. शनिवारी तिने ठेवणीतली निळी साडी नेसली. वारज्याहून रिक्षाने निघालो.  मी नेहमीसारखी तिच्या उजव्या बाजूला बसले होते.

ही उजव्या बाजूची सवय मला लहानपणापासून आहे. आईशी बोलायचं तर उजवीकडून. डावीकडून हाक मारली तर ती भिंतीसारखी. आमचं घर तेव्हा येरवड्याला होतं. एक खोली, दाराबाहेर मोरी. आई अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनीस म्हणजे खिचडी शिजवायची, पोरांची शी धुवायची, झाडून काढायचं. खुर्चीवर बसून शिकवते ती सेविका. आई सातवी शिकलेली होती. सेविकेच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. मुलाखतीला तीन जण बसले होते. डावीकडच्या बाईंनी प्रश्न विचारला. आई समोर बघत राहिली. त्यांनी परत विचारला. आई समोरच बघत राहिली. "प्रश्न समजत नाही का?" असं तिसऱ्या वेळी मोठ्याने म्हणाल्या, तेव्हा आईने मान वळवली. तोवर सगळं झालं होतं. एकोणतीस वर्षं ती मदतनीसच राहिली. त्याच अंगणवाडीत पाच सेविका आल्या आणि बदलून गेल्या. त्यातल्या दोघी आईने पोसलेल्या पोरी होत्या, त्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठ्या झालेल्या.

आणि मी. मी सातवीत होते. शाळेच्या दारात मैत्रिणी उभ्या होत्या. आई मला डबा द्यायला आली होती. मी डावीकडून हाका मारत होते, ती उलट्या बाजूला शोधत होती. मुली हसायला लागल्या. मला लाज वाटली. मी ओरडले, "ए बहिरे! इकडे!"

त्या वेळी मी कुठल्या बाजूला होते कोण जाणे. ते तिला ऐकू गेलं.

तिने डबा दिला. आली तशी परत गेली. कान कसा गेला, असं मी पुढे कधीतरी विचारलं होतं. "लहानपणी फुटला," म्हणाली. आमच्या वस्तीत कान फुटलेली पोरं खूप होती. मला ते खरं वाटलं.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. काळा-पांढरा. नवीन करून आणलेली प्रत होती, चित्र लख्ख होतं. माळ, बाभळी, दगडी घरं. आई पुढे सरकून बसली. एकदा बोट दाखवून म्हणाली, "ती आमची आळी." मी तिचा हात धरला. मला आनंद झाला होता. खरंच झाला होता.

गोष्ट पाटलाच्या वाड्याची आणि गावाबाहेरच्या वस्तीची. वाड्यावर लग्न असतं. अंगण झाडायला वस्तीतली माणसं बोलावतात. सगळे मान खाली घालून निघतात. एक पोर जात नाही. वाड्याचा कारभारी तिच्या दारात येतो. विचारतो, "येतीस का न्हाई?" ती म्हणते, "न्हाई." कारभारी तिच्या थोबाडीत मारतो.

आवाज मोठा आला. सगळं थिएटर दचकलं.

मग चेहरा. पडदाभर. दुसरं काही नाही. उघडं तोंड, फाटलेले डोळे, गालावर वर येणारा हात. तो चेहरा पडद्यावर किती वेळ थांबतो मला सांगता येणार नाही. मागे एक हलगी वाजायला लागते. मग वस्तीतली माणसं एकेक करून घराबाहेर येतात. इथून बंड सुरू होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंधारात कुणीतरी शिट्टीही मारली.

माझ्या हातातला आईचा हात गार पडला होता. मी पडद्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. हनुवटीवरचा तीळ. डाव्या भुवईतली खाच. माझ्याही भुवईत आहे तशीच.

मी तिच्या उजव्या कानाशी वाकले. "आई, ती तू?"

"हं."

"तू बोललीस? न्हाई म्हणून?"

"त्यो आवाज माजा न्हाई. मला काय म्हणायलाच सांगितलं नव्हतं."

पुढचा सिनेमा मी बघितला नाही. बघत होते, पण डोक्यात शिरत नव्हता. मला अभिमान वाटत होता. होय, अभिमान. माझी आई सिनेमात. ज्या चेहऱ्याला लोक टाळ्या वाजवतात तो माझ्या आईचा. मी ठरवत होते, संपल्यावर त्या टी-शर्टवालीला जाऊन सांगायचं. तिचं तोंड कसं होतं ते बघायचं.

शेवटी नावं आली. नटांची, नट्यांची, गाणाऱ्यांची, कपडे शिवणाऱ्यांची, जेवण बनवणाऱ्याचंसुद्धा. सगळ्यात खाली, "आणि समस्त गावकरी".

दिवे लागले. मंचावर दोन खुर्च्या मांडल्या. टी-शर्टवाली बाई एका खुर्चीवर बसली, तीच सूत्रसंचालन करत होती. दुसऱ्या खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ. खादीचा झब्बा, पांढरी दाढी. सिनेमाचे दिग्दर्शक केव्हाच वारले. हे त्या वेळी त्यांचे सहायक होते. सगळे त्यांना सर म्हणत होते. आवाज मुलायम. माणूस गोड. हे मला सांगितलं पाहिजे. माणूस वाईट दिसत नव्हता.

बाईने विचारलं, "सर, तो क्लोजअप. भारतीय सिनेमातला प्रतिकाराचा जन्म आपण त्या चेहऱ्यात बघतो. तो कसा मिळाला?"

सर हसले. माझ्या मांडीवर पत्रक होतं. हातात पेन. मी का लिहायला लागले मला माहीत नाही. कुणी बोलायला लागलं की माझा हात चालतो. लघुलिपीत घेतलेले त्यांचे शब्द हे असे आहेत.

"त्याची गंमतच आहे. ती थप्पड खरी आहे. मुलीला काही सांगितलेलंच नव्हतं. आमच्या दिग्दर्शकांनी नटाच्या कानात सांगितलं, हात राखून मारू नकोस. पहिल्यांदा कॅमेऱ्यात फिल्म अडकली. दुसऱ्यांदा पोरगी शहाणी झाली होती, आधीच डोळे मिटायला लागली. मग आम्ही युक्ती केली. तिला म्हणालो, आता नुसती तालीम, आता कुणी मारणार नाही. आणि कॅमेरा चालू ठेवला. तिसऱ्या थपडेला जे मिळालं ते तुम्ही पाहिलंत. असा चेहरा कुठल्या अभिनयशाळेत मिळत नाही."

लोक हसले. मग टाळ्या. बाई म्हणाली, "वॉव."

समोरून एका मुलीने विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं, सर?"

"कोण जाणे. लग्न झालं असेल. त्या मुलींचं दुसरं काय होतं!"

परत हशा. पेन माझ्या हातात होतं. पुढचा शब्द लिहिला गेला नाही. मी आईकडे वळले. तिला मंचावरचं सगळं ऐकू आलं नव्हतं. पण लोक कशाला हसले ते तिला कळलं होतं.

मी विचारलं, "कान?"

"तवापास्नं."

"म्हणजे तिसऱ्या..."

"कितव्या ते ठाव न्हाई. कानात शिट्टी वाजाया लागली. मंग रातभर पानी आलं. रगत आलं. तुज्या आज्यानं त्याल गरम करून वतलं. आजा गेला हुता शिनेमावाल्यांकडं इचाराया. त्ये म्हणले, आवो बाबा, शिनेमाय, समदं खोटं आसतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? शिनेमात मारलं म्हणून? हासली आसतीस."

हसले असते. शाळेच्या दारातली ती मी. नक्की हसले असते.

मी उभी राहिले. हात वर केला. माइक माझ्यापर्यंत यायला वेळ लागला. मंचावरून बाई म्हणाली, "ताई, प्रश्न विचारा हं. मनोगत नको. थोडक्यात."

मी पत्रक समोर धरलं. म्हणाले, "सर, आत्ता आपण जे बोललात ते मी वाचून दाखवते. चुकलं तर सांगा." आणि वाचलं. जसंच्या तसं. सुरात नाही, कोर्टात वाचतात तसं सपाट. ज्या वाक्यांना लोक हसले होते, त्या वाक्यांना आता कुणी हसलं नाही.

"हे आपलेच शब्द आहेत?"

"हो. पण..."

"ती मुलगी इथे बसलेली आहे. ही माझी आई. तिसऱ्या थपडेने हिचा कान गेला. डावा. तेव्हापासून आजपर्यंत."

थिएटर एकदम शांत झालं. मला वाटलं, आता यांना कळलं. आता कुणाच्या तरी माना खाली जातील.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आधी पुढच्या रांगांनी, मग सगळ्यांनी. लोक उभे राहिले. मोबाइल वर आले. मागे वळून शंभरेक चेहरे आईकडे बघत होते आणि टाळ्या वाजवत होते. कान गेला असं मी म्हटलं होतं. त्याला टाळ्या. टी-शर्टवाली मंचावरून जवळजवळ पळत खाली आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. "मावशी! ओ माय गॉड! या ना, वर या! व्हॉट अ मोमेंट!" मघाशी दोन बोटं होती, आता दोन्ही हातांनी तिने आईला मिठी मारली आणि मग तिचे खांदे धरले. आईच्या चेहऱ्यासमोर तिच्या छातीवरचा तो चेहरा. हे फोटोत आलं आहे. अनेकांच्या फोटोत आलं आहे.

सरही उतरून आले. हात पसरून. "अरे वा! ती तू?"

बासष्ट वर्षांच्या बाईला तू. मी म्हणाले, "तुम्ही म्हणा."

त्यांना ते कळलं नाही, किंवा त्यांनी सोडून दिलं. ते आईच्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी बोलायला लागले. फार भाग्याचा दिवस, असं काहीतरी. आई समोर बघत होती. ते परत बोलले, जरा मोठ्याने.

मी म्हणाले, "त्या कानात बोलू नका. तो तुम्ही घालवलाय."

आता टाळ्या थांबल्या. माझा आवाज चढला होता. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सर वळसा घालून उजवीकडे आले. चेहरा पडला होता, पण आवाज तसाच मुलायम. "हे बघा, तो काळ वेगळा होता. आम्ही सगळे तरुण होतो, वेडे होतो. पण आम्ही तुमच्याच बाजूने उभे होतो. हे सगळं तुमच्यासाठीच केलं होतं."

आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांच्याकडे नीट बघून विचारलं, "आमच्यासाठी मला मारलं?"

सरांनी दाढीवरून हात फिरवला.

"वाड्यावाले मारायचे त्ये त्यांच्यासाठी मारायचे. तुमी आमच्यासाठी?"

मागून एक गृहस्थ म्हणाले, "बाई, झालं ना आता? माइक द्या पुढे. बाकीच्यांनाही कान आहेत, त्यांनाही काही ऐकायचंय." चार-पाच जण हसले. पुण्याचं ते हसणं. ओठ न उघडता नाकातून येणारं. त्या वाक्यातला कान त्यांनी मुद्दाम घातला होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही. मी तेही लिहून घेतलं आहे.

मी सरांना म्हणाले, "माफी मागा."

"कुणाच्या भावना जर दुखावल्या असतील तर मला खेद आहे."

"भावना नाहीत. कान आहे. आणि 'जर' नाही."

"कलाकृतीकडे इतकं वैयक्तिक बघू नये हो," सर म्हणाले. आता आवाजातला मुलायमपणा जरा विरला होता. "त्या एका चेहऱ्याने किती जणांना जागं केलं, याचा विचार करा."

मी म्हणाले, "इतकी वर्षं हा चेहरा दाखवताय. तिचं नाव काय, सांगा."

सरांनी टी-शर्टवालीकडे बघितलं. तिने सरांकडे. आई भेटून पाच-सात मिनिटं झाली असतील त्यांना. तेवढ्यातही कुणी विचारलं नव्हतं. मिठी मारून झाली, फोटो काढून झाले, नाव विचारायचं राहिलं.

तेवढ्यात मंडळाच्या कुणीतरी सरांसाठी आणलेली शाल मागून आईच्या खांद्यावर टाकली. फोटोसाठी. सगळ्यांना हायसं वाटलं. आता शाल पडली म्हणजे प्रसंग गोड झाला. मोबाइल परत वर आले. आईने शाल काढली. घाई केली नाही. नीट चार घड्या घातल्या, अंगणवाडीत पोरांच्या सतरंज्यांना घालायची तशा. आणि सरांच्या हातात दिली.

"तुमालाच ऱ्हाऊ द्या."

आम्ही निघालो. वाटेत लोक बाजूला होत होते. वाट देत होते की अंग चोरत होते, कळत नव्हतं. दारात एका पोरीने आईला सेल्फी मागितला. मी नको म्हणाले तर ती रागावली.

रिक्षात मी आईला म्हणाले, "शाळेच्या दारात मी तुला बहिरी म्हणाले होते. आठवतंय?"

"आठवतंय की."

"माफ कर."

ती बाहेर बघत राहिली. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली, सुटली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, "म्हनलीस त्ये म्हनलीस. आता पुसायचं कसं?"

तिने मला माफ केलं नाही. करायला हवं होतं असं मी म्हणणार नाही.

सोमवारी ऑफिसात पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. वर लिहिलं होतं, "आणि अचानक सापडली ती नायिका! डोळ्यांत पाणी आणणारा क्षण." व्हिडिओ टाळ्यांपाशी संपवला होता. मी वाचून दाखवलेलं त्यात नव्हतं. कान नव्हता. 'आमच्यासाठी मला मारलं?' नव्हतं. टाळ्या, आईचा गोंधळलेला चेहरा, टी-शर्टवालीची मिठी. खाली लाइकचे हजारो बदाम. म्हणजे आईचा चेहरा त्यांनी परत एकदा तसाच घेतला. न सांगता. आणि परत त्यावर दुसऱ्यांचा आवाज.

वकीलबाई टेबलापाशी आल्या. "व्हिडिओ काय सुंदर आहे! पण तुम्ही जरा जास्तच बोललात म्हणे. सर किती सज्जन आहेत. सगळं आयुष्य त्यांनी तुमच्या लोकांसाठी घालवलं." मग म्हणाल्या, "पास मी दिले होते ना. मला ऐकून घ्यावं लागलं."

पंधरा वर्षं मी त्यांना "हो मॅडम" म्हणत आले. त्या दिवशी म्हणाले, "आता तुम्हीही एकदा ऐकून घ्या. तुमचे लोक म्हणजे कोण?"

त्या गेल्या. आता माझ्या टेबलापाशी येत नाहीत.

मी आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत दिवा टाकून बघितलं. पडदा फाटला होता, मग वर्षानुवर्षं पू होत राहिला, आतली हाडं झिजली. मी विचारलं, थपडेने होतं का? ते म्हणाले, होऊ शकतं. यांच्या बाबतीत तेच झालं असं आज लिहून देता येणार नाही. माणूस प्रामाणिक होता. मी कागद घेतला. त्यावर थप्पड नाही. कान नाही एवढंच आहे.

मग मंडळाला पत्र लिहिलं. सिनेमाच्या सुरुवातीला आईचं नाव टाका. तो चेहरा कसा मिळवला ते त्याच्या खाली लिहा. पिशव्या आणि कप विकणं थांबवा. उत्तर आलं, फार सभ्य. सिनेमाचे हक्क निर्मात्याच्या वारसांकडे आहेत, आम्ही फक्त दाखवतो. आपल्या भावनांचा आदर आहे. पुढच्या महिन्यात आणखी एक खेळ ठेवला आहे, त्या वेळी आईंचा हृद्य सत्कार करण्याची इच्छा आहे. आईंनी दहा मिनिटं आठवणी सांगाव्यात. शक्यतो गोड आठवणी. सिनेमा चालू असताना प्रेक्षागृहात शांतता राखावी, ही नम्र विनंती.

मी आईला पत्र वाचून दाखवलं. उजवीकडून. ती म्हणाली, "मी न्हाई यायची."

हे न्हाई तिचं स्वतःचं होतं. तिच्या आवाजातलं.

मी जाणार आहे. तिकीट काढून जाणार आहे. पुढच्या महिन्यात जाईन, त्याच्या पुढच्या खेळालाही जाईन, मुंबईला लागला तर मुंबईला जाईन. कारभारी दारात येऊन उभा राहील आणि हात उचलेल, त्या क्षणी मी उठून मोठ्याने सांगेन, हा अभिनय नाही. ही पंधरा वर्षांची पोर आहे, हिला खोटं सांगून मारलंय, हिचं नाव शेवंता आहे. लोक गप्प बसा म्हणतील. म्हणू देत. मी बसणार नाही. मला गप्प करायचं असेल तर त्यांना सिनेमा थांबवावा लागेल, माझ्या अंगाला हात लावावा लागेल, आणि या वेळी तो हात दिवे लावून उचलावा लागेल.